'फिक्स ऑल' दाबताय? जरा थांबा!

पीसी स्लो झाला की रजिस्ट्री क्लीनर मारायचा, हे आपलं वर्षानुवर्षांचं घरगुती औषध. पण ते नक्की कुठल्या आजारावरचं आहे, हे कधी विचारलंय?

'मशीन जाम स्लो झालंय रे, काय करू?' ऑफिसात एवढं नुसतं मोठ्याने म्हणून बघा. चहा यायच्या आत चार डॉक्टर गोळा होतात. एक म्हणतो, सरळ फॉरमॅट मार. दुसरा म्हणतो, रॅम टाक. तिसरा म्हणतो, नवीन घे ना यार, ईएमआयवर मिळतो. आणि चौथा, जो प्रत्येक ऑफिसात एक तरी असतोच, खिशातून पेन ड्राइव्ह काढत म्हणतो, 'सरक बाजूला. हा क्लीनर मारतो, दोन मिनिटांत मक्खन!'

मग स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायला लागते. शेजारचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा चढत जातो. शंभर... तीनशे... सातशे एरर्स! आपण हादरतो. म्हणजे इतके दिवस आपण सातशे चुका घेऊन एक्सेल चालवत होतो? खाली एक भलंमोठं, चमकणारं बटण असतं: 'फिक्स ऑल'. बोट आपोआप तिकडे जातं.

नेमकं इथेच थांबायचं. कारण त्या सातशेपैकी बहुतेक मुळात एरर नसतातच. आणि ज्या दोन-चार नोंदी उडवल्याने खरंच घोळ होऊ शकतो, त्याही त्याच यादीत मुकाट बसलेल्या असतात.

सोसायटीचा नावांचा बोर्ड

रजिस्ट्री म्हणजे काय, तर विंडोजची नोंदवही. कुठलं सॉफ्टवेअर कुठे ठेवलंय, कुठली फाइल कशात उघडायची, प्रिंटर कोणता, वॉलपेपर कोणता, लॉगइन केल्यावर आपोआप काय सुरू व्हायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअर आपली वेगळी 'आयएनआय' फाइल बाळगायचं. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये रजिस्ट्री छोट्या रूपात आली आणि विंडोज ९५पासून जवळपास सगळा कारभार तिच्याकडे गेला. तिच्या मूळ फाइल्स विंडोजच्या 'सिस्टिम ३२' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग'मध्ये असतात आणि तुमच्या स्वतःच्या सेटिंग्ज तुमच्या युजर फोल्डरमध्ये.

आता तुमच्या सोसायटीच्या लॉबीतला नावांचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. ३०४मधले भाडेकरू दोन वर्षांपूर्वी सोडून गेले, पण त्यांची पाटी अजून तशीच आहे. रजिस्ट्रीतला 'कचरा' म्हणजे बहुतांशी हेच. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल झालं, पाटी राहिली. दिसायला वाईट, कबूल. पण जुनी पाटी राहिली म्हणून लिफ्ट स्लो होते का?

विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसत नाही. ज्याला जी नोंद हवी, तो थेट त्या पत्त्यावर जातो. एका बऱ्यापैकी वापरलेल्या मशीनवर लाखो नोंदी असतात. त्यातल्या सातशे काढल्या तर वाचतात काही केबी, फार तर एखादा एमबी. तुमच्या व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा एक व्हिडिओ याहून जास्त जागा खातो. सिसइंटर्नल्सच्या टूल्सचे कर्ते मार्क रुसिनोविच यांनी २००५ सालीच हा विषय उलगडून लिहिला होता. विंडोजमध्ये असा कचरा साठणार हे गृहीतच धरा, आणि त्याचा स्पीडवर म्हणावा असा परिणाम होत नाही, असा त्याचा सूर होता. पुढे २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. म्हणजे माणूस आतली भानगड जाणणारा!

मग ही समजूत आली कुठून? ती अगदीच हवेतली नव्हती. विंडोज ९८च्या जमान्यात ६४ एमबी रॅम म्हणजे चैन होती आणि रजिस्ट्री बिघडणं ही नेहमीचीच कटकट. इतकी, की विंडोज ९८ स्वतःच रजिस्ट्रीच्या पाच बॅकअप कॉपी सांभाळून ठेवायचं. विंडोज २०००पर्यंत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादाही होती. २००१मध्ये एक्सपी आलं आणि ती मर्यादा गेली. पण सवय राहिली. त्यातच कॉम्प्युटर मासिकांसोबत सीडी यायच्या आणि त्या युटिलिटीजनी भरलेल्या असायच्या. फुकट मिळालंय तर मारून बघू, हा आपला मराठी बाणा!

पाटी कुणाची काढली?

क्लीनर काम कसं करतो, ते पाहिलं की धोका लगेच कळतो. तो एकेक पाटी वाचतो आणि त्या फ्लॅटची बेल वाजवतो. दार उघडलं नाही, तर पाटी बाद. आता ३०४वाले खरंच सोडून गेलेत, हे ठीक. पण ५०२मधला मुलगा सहा महिन्यांसाठी ऑनसाइट गेलाय, त्याचं काय? बेल वाजली, दार उघडलं नाही, पाटी गेली. तो परत येतो तेव्हा वॉचमन विचारतो, आपण कोण?

एक्स्टर्नल हार्डडिस्कवर ठेवलेलं सॉफ्टवेअर, व्हीपीएन लावल्याशिवाय न दिसणारा ऑफिसचा नेटवर्क ड्राइव्ह, महिन्यातून एकदा लावला जाणारा डोंगल. हे सगळे 'ऑनसाइट' गेलेले रहिवासी. क्लीनरला ते मेलेलेच वाटतात.

माझ्या आतेभावाचा किस्सा यातलाच. काही वर्षांपूर्वी तो ठाण्यात एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करत होता. सप्टेंबरची अखेर, टॅक्स ऑडिट रिपोर्ट भरायची मुदत तोंडावर. हे रिपोर्ट सीएंच्या डिजिटल सहीशिवाय अपलोड होत नाहीत आणि ती सही असते यूएसबी टोकनमध्ये. आदल्या दिवशी लॅपटॉप हळू चालतोय म्हणून त्याने एक फुकटचा क्लीनर उतरवला आणि सगळं 'फिक्स' करून टाकलं. टोकन तेव्हा सरांच्या ड्रॉवरमध्ये. टोकनच्या सॉफ्टवेअरच्या काही नोंदी टोकनच्याच ड्राइव्हकडे बोट दाखवत होत्या. तो ड्राइव्ह जागेवर नव्हता, त्यामुळे नोंदी साफ!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता फोन. 'ताई, टोकन लावलंय, लाइट पेटतोय, पण साइटला दिसतच नाहीये!' मी विचारलं, क्लीनरने बॅकअप घेऊ का, असं विचारलं होतं का? 'विचारलं होतं, मी नो म्हटलं.' रिस्टोअर पॉइंट? सिस्टिम प्रोटेक्शन बंदच होतं. शेवटी टोकनचा ड्रायव्हर शोधून नव्याने टाकला, सहीची युटिलिटी नव्याने टाकली, ब्राउझर दोनदा बदलला. शेवटचा रिपोर्ट गेला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. न गेला असता तर तेव्हाच्या नियमानुसार क्लायंटला उलाढालीच्या अर्धा टक्का, कमाल दीड लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. आणि का, तर एक्सेल उघडायला चार सेकंद जास्त लागत होते!

दर वेळी असं होतंच असं नाही. दहापैकी नऊ वेळा क्लीनर मारल्यावर काहीच होत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. लोकांचा विश्वास बसतो तो त्यामुळेच. फास्ट झाल्यासारखं वाटतं ते बहुधा क्लीनरनंतर केलेल्या रिस्टार्टमुळे. पंधरा दिवस नुसतं झाकण बंद करून स्लीपवर ठेवलेला लॅपटॉप रिस्टार्ट केला तर तो क्लीनरविनाही फास्टच होतो.

मायक्रोसॉफ्टनेही हात टेकले

गंमत म्हणजे एके काळी मायक्रोसॉफ्टचाच 'रेगक्लीन' नावाचा क्लीनर होता. नव्वदच्या दशकात लोकांनी तो भरपूर वापरला, पण त्यातून कटकटी निघाल्यावर कंपनीने तो मागे घेतला. 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' नावाची दुसरी युटिलिटी २०१०मध्ये काढून टाकली, कारण ती कधीकधी मशीनवरच्या इतर घटकांनाच इजा करायची. आज मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका स्वच्छ आहे: रजिस्ट्री क्लीनरला आमचा सपोर्ट नाही आणि त्यामुळे काही बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते. ज्यांनी रजिस्ट्री बांधली त्यांनाच ती बिनधोक साफ करता आली नाही, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

तरी बाजार तेजीत राहिला, कारण भीती विकली जाते. २००८मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 'रजिस्ट्री क्लीनर एक्सपी' विकणाऱ्या टेक्सासमधल्या कंपनीवर खटला भरला. लोकांच्या स्क्रीनवर 'तुमची रजिस्ट्री खराब झाली आहे' अशा अर्थाचे मेसेज टाकायचे, मग ३९ डॉलर ९५ सेंटला 'उपाय' विकायचा, असा आरोप होता. २०१९मध्ये ऑफिस डेपो ही बडी रिटेल साखळी आणि तिची सॉफ्टवेअर पुरवठादार सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. त्यांच्या दुकानात 'पीसी हेल्थ चेक' व्हायचा. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न: मशीन स्लो आहे का, पॉपअप येतात का, वगैरे. कमिशनचं म्हणणं असं की यातल्या एकाही चौकोनात टिक केली, की स्कॅनमध्ये काहीही सापडो, रिपोर्टमध्ये मालवेअरची लक्षणं यायचीच. कुडमुड्या जोशाने आधी तुमच्याच तोंडून सगळं काढून घ्यावं आणि मग 'तुमच्या मागे साडेसाती आहे' असं सांगावं, तसंच हे. २०२४मध्येही सायप्रसच्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी अशाच प्रकरणात २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याची तयारी दाखवली.

आणि हे फक्त तिकडचं नाही बरं का. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२'मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या तक्रारींवरून, टेक सपोर्टच्या नावाखाली फसवणाऱ्या कॉल सेंटर्सचाही समावेश होता. त्यांची मोडस ऑपरेंडी ठरलेली. फोनवर तुम्हाला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावायचा. त्यात लाल-पिवळ्या खुणा दिसतात. त्या ठणठणीत मशीनवरही असतात, पण तुम्हाला थोडंच माहीत असतं? तुमच्या आई-बाबांना तर नक्कीच नसतं. त्यांना आजच सांगून ठेवा: कॉम्प्युटर बिघडलाय असं सांगायला मायक्रोसॉफ्ट स्वतःहून फोन करत नाही. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बरं, नावाजलेला क्लीनर वापरला म्हणजे झालं का? सीक्लीनर हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. लंडनच्या पिरिफॉर्मचं, २०१७पासून अवास्टचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॅकर्सनी त्याच्या अधिकृत व्हर्जनमध्येच मालवेअर घुसवलं. डाउनलोड कंपनीच्याच साइटवरून, डिजिटल सही खरी, सगळं बरोबर, आणि आत चोर! सप्टेंबरमध्ये उघडकीस येईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार मशीन्सवर ते व्हर्जन पोचलं होतं. हॅकर्सचा खरा डोळा मोठ्या टेक कंपन्यांवर होता, त्यामुळे बहुतेक सामान्य युजर्स वाचले. कंपनीने ते दुरुस्तही केलं. पण मशीनच्या गाभाऱ्यापर्यंत जाणारी किल्ली आपण किती सहज कुणाच्याही हातात देतो, हे त्यातून कळलं.

तरीही मारायचाच असेल तर...

काही वेळा कारण खरं असतं. अर्धवट अनइन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर पुन्हा टाकू देत नाही. व्हायरस काढला, पण लॉगइन केल्यावर 'अमुक फाइल सापडत नाही' असा डबा रोज उघडतो. अशा वेळी रजिस्ट्रीला हात लावावा लागतो. तो लावा, पण बेतानं.

सगळ्यात आधी रिस्टोअर पॉइंट. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू आहे ना ते बघा. बऱ्याच लॅपटॉपवर ते बंदच असतं! मग 'क्रिएट'. पाच मिनिटांचं काम. यात तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट्स येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या. 'विंडोज स्वतःच रजिस्ट्रीचा बॅकअप ठेवतं की' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विंडोज १०च्या २०१८मधल्या १८०३ व्हर्जनपासून तो आपोआप होणारा बॅकअप डिफॉल्टने बंद आहे. 'रेगबॅक' फोल्डरमध्ये फाइल्स दिसतात, पण त्यांचा आकार शून्य!

क्लीनरने 'बदलांचा बॅकअप घ्यायचा का?' असं विचारलं की 'येस', दर वेळी. तो एक छोटी 'रेग' फाइल बनवतो. ती डेस्कटॉपवर टाकू नका, तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. काही बिघडलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की उडालेल्या नोंदी परत येतात. अट एकच, विंडोज सुरू तरी व्हायला हवं. ते सुरूच झालं नाही तर ही फाइल डबल क्लिक करणार कुठे? तेव्हा कामी येतो तो रिस्टोअर पॉइंटच. दोनदा बूट फसलं की विंडोज सहसा स्वतःहून रिपेअरचा निळा पडदा दाखवतं. तिथे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'सिस्टिम रिस्टोअर' आहे. आणि हो, नव्या लॅपटॉपची डिस्क अनेकदा एन्क्रिप्टेड असते. अशा वेळी ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आत्ताच बघून कागदावर लिहून ठेवा. बंद पडलेल्या लॅपटॉपसमोर बसून अकाउंटचा पासवर्ड आठवणं हा फार वाईट टाइमपास आहे.

स्कॅन करण्याआधी तुमचे सगळे नेहमीचे पाहुणे जोडा: एक्स्टर्नल डिस्क, प्रिंटर, टोकन, व्हीपीएन. मग आलेली यादी वाचा. खरंच वाचा. ज्या सॉफ्टवेअरचं नाव ओळखता आणि ते काढल्याचं आठवतं, तेवढ्याच नोंदींवर टिक करा. 'अॅक्टिव्हएक्स', 'कॉम', 'शेअर्ड डीएलएल' असल्या शीर्षकांखालच्या नोंदी सोडून द्या. एक नोंद अनेक सॉफ्टवेअर्स मिळून वापरत असू शकतात. थोड्या काढा, रिस्टार्ट करा, दोन दिवस काम करा. दर आठवड्याला आपोआप साफ करण्याचं शेड्यूल असेल तर ते आधी बंद. आणि एका क्लीनरचं समाधान झालं नाही म्हणून दुसरा आणू नका. दुसऱ्याला आणखी दोनशे 'एरर्स' सापडणारच, त्याचा धंदाच तो आहे.

स्टार्टअपच्या त्रासासाठी तर क्लीनरपेक्षा सिसइंटर्नल्सचं 'ऑटोरन्स' कितीतरी बरं. फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर आहे. त्यात नोंद डिलीट न करता नुसती टिक काढता येते. चुकलं तर टिक परत.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर विषयच संपला: हात लावू नका. एक म्हणजे तो तुमचा नाही. दुसरं, बऱ्याच फुकट क्लीनर्सचं लायसन्स फक्त घरगुती वापरासाठी असतं. ऑफिसच्या मशीनवर ते टाकलं तर ऑडिटमध्ये कंपनी अडकते आणि मग तुमचा मॅनेजर तुम्हाला केबिनमध्ये बोलावतो. आयटीवाल्यांना तिकीट टाका. ते तीन दिवसांनी उत्तर देतील, हे मान्य. तरी टाका.

मग स्लो का आहे?

आता मुद्द्याचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल तर गुन्हेगार तुमच्यासमोरच आहे: ब्राउझरचे चाळीस टॅब आणि शेजारी उघडी टीम्स. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर एसएसडी टाका. या एका बदलाने जो फरक पडतो तो शंभर क्लीनर मिळून पडणार नाही. 'स्टार्टअप अॅप्स'मध्ये जाऊन रोज न लागणारी मंडळी बंद करा. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्जमधला 'स्टोरेज सेन्स' चालू करा. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एकाला निरोप द्या. विंडोजच्याच फाइल्स बिघडल्याचा संशय असेल तर 'सिस्टिम फाइल चेकर' विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

आणि अजून विंडोज १०वरच असाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. सुरक्षेचे वाढीव अपडेट घेतले नसतील तर आधी तिकडे बघा. रजिस्ट्रीतल्या जुन्या पाट्या तोवर तिथेच राहू द्या, कुणाच्या पायात येत नाहीत त्या.